जुलाब थांबले, पोट मात्र ताळ्यावर नाही

जुलाब-उलट्यांची साथ ओसरली की महिनाभर हेच प्रश्न येत राहतात. पुन्हा उत्तरं देतो.

नातू दीड वर्षाचा. जुलाब थांबले, पण वरचं दूध दिलं की पुन्हा पातळ, आंबूस वासाची शी. दूध बाधलं का? (रावेर)
रोटासारखे विषाणू लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मारतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) तिथंच तयार होतं; ते कमी पडलं की दूध पचत नाही. पेशी नव्याने येतात, काही आठवड्यांत बहुतेक मुलांचं सुरळीत होतं. तोवर वरचं दूध कमी करा, दही द्या. आईचं दूध मात्र तोडू नका. वजन घटत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

जुलाबात केळी चालतात का? (यावल)
पिकलेली चालतात. केळीच्या आगारातल्या यावलकरांनी हे विचारावं!

मेडिकलवरून अँटिबायोटिकची पट्टी आणतो, दोन गोळ्यांत आराम पडतो. मग डॉक्टर नको का म्हणतात? (धुळे)
विषाणूचे जुलाब बहुधा आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. थांबायलाच आले होते, श्रेय गोळीने खाल्लं. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. मरतात मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू. न पचलेले तंतू आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचं पोषण मुख्यतः त्यावर चालतं. जुलाबांनी ही वस्ती आधीच उठलेली, त्यात तुमची गोळी! रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसारखा जंतू माजला तर गोळीमुळेच नवे जुलाब लागतात. उरलेली पट्टी फ्रिजवरच्या डब्यात, पुढच्या वेळी शेजारणीला. हे बंद करा. शौचातून रक्त, सणकून ताप असेल तर अँटिबायोटिक लागूही शकतं, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

खरी गरज ओआरएसची. २०.५ ग्रॅमची पुडी, एक लिटर पाणी, बनवल्यापासून २४ तासांतच वापरायचं. खोक्यातली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे; जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. सहा महिन्यांवरच्या मुलांना झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची) कॅप्सूल घ्यावी की ताक? (अमळनेर)
ताक. पाकिटावर कोणता जिवाणू, किती, हेही नसलेल्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका. केमोथेरपी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल नकोच.

दोन महिने झाले. शेवभाजी खाल्ली की मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. (नंदुरबार)
संसर्गानंतर काहींचं आतडं असं हळवं राहतं. पण ते घरी बसून ठरवू नका, दोन महिने आधीच वाया गेलेत. रक्त, वजन घटणं किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना भेटा. तोवर शेवभाजीची तर्री बंद.