स्विफ्टला 16 इंची अलॉय बसवायचे आहेत. टायर घासू नये म्हणून काय बघावं? स्पेसर लावले तर चालेल का?

स्पेसर नका लावू. स्पेसर म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये घालायची चकती; ती चाक बाहेर ढकलते. टायर आतून शॉकअबला लागत असेल तर त्याचा उपयोग. रुंद चाकं घातल्यावर मागचा टायर बहुतेक वेळा बाहेर, मडगार्डच्या कडेला लागतो; तिथे स्पेसर लावलात तर जास्तच घासेल.

माझ्या स्विफ्टला 185/65 आर 15 टायर होते, म्हणजे रुंदी 185 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची. मेहुण्याच्या ओळखीच्या दुकानातून 16 इंची, 7 इंच रुंद रिमा घेतल्या, त्यावर 205/55 टायर. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांची मांडणी, 4×100 (चार भोकं, 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर); नट व्यवस्थित बसले. दुकानाबाहेर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, कुठे लागलं नाही. महिनाभर एकटाच ऑफिसला जात होतो, तेव्हाही काही नाही.

मग गणपतीला पुण्याहून गुहागरला निघालो. मागे आई, मावशी, बायको, पुढे मेहुणा, डिकीत मखर आणि किराणा. उंब्रजला वळल्यापासून प्रत्येक खड्ड्यात मागून खर्र आवाज. कुंभार्ली घाट उतरताना डाव्या वळणांवर तो लांबत गेला आणि जळक्या रबराचा वास आत यायला लागला. थांबून वाकून पाहिलं. उजव्या मागच्या टायरच्या खांद्यावर बोटभर पट्टा गुळगुळीत झालेला, आणि मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्याला रबराच्या काळ्या शेवया चिकटलेल्या. पत्रा हाताला गरम लागत होता.

पोफळीला आई आणि मावशी उतरल्या आणि एसटीने चिपळूणला गेल्या. साठी उलटलेल्या दोघी, हातात डब्यांच्या पिशव्या, आणि मी हलकी केलेली गाडी घेऊन एसटीच्या मागे. ते मला आजही लागतं.

मेहुण्याचं म्हणणं, माणसं जास्त झाली म्हणून घासलं. गाडी पाच जणांची आहे आणि आम्ही पाचच होतो. पाच जण बसल्यावर घासत असेल तर चाक चुकलंय. त्याने स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालायला सांगितले, मी घातलेही. गाडी दणके द्यायला लागली आणि मोठ्या खड्ड्यात घासायची ती घासतच राहिली.

चूक कुठे होती ते घरी आल्यावर कागदावर मांडलं. नवीन रिम जुनीपेक्षा दीड इंच, म्हणजे 38 मिमी रुंद. त्यातले निम्मे, 19 मिमी बाहेर. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर; ते जितकं कमी तितकं चाक बाहेर. ते जुनीपेक्षा 10 मिमीने कमी, म्हणजे आणखी 10 बाहेर. एकूण 29 मिमी! वर टायरची उंचीही वाढलेली: 185/65 आर 15 चा व्यास साधारण 621 मिमी, 205/55 आर 16 चा 632. ऑफसेटचा आकडा रिमवरच ईटीच्या पुढे कोरलेला असतो, पण दुकानात कुणी तो वाचला नाही. मीही नाही.

त्या रिमा विकल्या. आता 6 इंच रुंद, ऑफसेट कंपनीच्या जवळपास, टायर 195/55 आर 16, व्यास पुन्हा 621. मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं म्हणून ती फट भरणाऱ्या हब रिंग घातल्या, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. दुसऱ्या वर्षी तीच माणसं, तेवढंच सामान, तोच घाट. कुठे आवाज नाही.

तुम्ही पैसे देण्याआधी पुढे एक, मागे एक चाक लावून घ्या. टायरच्या खांद्यावर खडू फासा, मागे तिघे धडधाकट बसवा, डिकी भरा आणि गतिरोधकावरून तिरके जा. खडू पुसला गेला तर चाकं परत. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मडगार्डची कड आत वळवून देतो म्हणणारेही भेटतील. तिथला रंग तडकतो आणि कोकणच्या हवेत गंज धरतो.

तुमच्या मॉडेलला मूळ टायर 165/80 आर 14 असले तरी व्यास जवळपास तेवढाच, 620 मिमी. पण जुन्या रिमेची रुंदी आणि ऑफसेट स्वतः वाचून घ्या, माझे आकडे उचलू नका. नवीन टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा आकडा, तोही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

मेहुणा अजून म्हणतो की नवीन चाकं मडगार्डच्या आत गेल्यासारखी दिसतात. दिसू देत. मागे आई बसते.