आधी नाक्यावर वाचून दाखव

प्रिय,

रोजगाराच्या आकड्यांवरच्या तुझ्या अभ्यासाबद्दल मंत्रालयातले साहेब म्हणतात "एका पानात द्या", तुझे गाईड म्हणतात एका पानात विषय पातळ होतो. कुणाचं ऐकू, असं विचारतेस. मी तिसरंच सांगते. ज्याच्याकडून आकडा घेतलास, त्याला तो आधी वाचून दाखव.

तुझ्या मसुद्यात 'चालू साप्ताहिक स्थिती' सात वेळा आलीय. मुलुंडच्या मजूर नाक्यावर सकाळी आठला पिशवीत थापी-ओळंबा घेऊन उभ्या असलेल्या गवंड्याला तिचा अर्थ सांगून बघ: आठवड्यात एक तास जरी काम मिळालं, तरी सरकारी पाहणी त्या आठवड्यापुरतं तुम्हाला रोजगारात धरते. तो काय म्हणतो ते लिहून घे. तुझ्या पानाची पहिली ओळ तीच. व्याख्या जगभर हीच आहे, माझी तक्रार तिच्याशी नाही. ती न सांगता बेरोजगारीचा दर पुढे करण्याशी आहे.

१५ वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या जणींचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला, हे तू ठळक छापलंस. आणि त्यातल्या कितीतरी जणी घरच्याच शेतात-दुकानात बिनपगारी राबतात, हे तळटीपेत! साहेब तळटीप वाचत नाहीत गं. वर घे ते.

चिडतेय, कारण मी हेच केलंय. गिरणी बंद पडलेल्या घरांतल्या बायकांकडून दोन वर्षं हिशेब मांडून घेतले. खानावळ, शिलाई, पापड. अहवाल झाला इंग्रजीत, १४० पानांचा. लालबागच्या एका बाईंनी दारात विचारलं होतं, "आमचं काय लिहिलंत?" छापलं की आणून देते म्हटलं. गेले नाही. त्यांना वाचता येईल असं एक पानही माझ्याकडे नव्हतं.

नंतर हट्टानं मराठीत लिहिलं. सहकारी 'वर्तमानपत्री' म्हणाले, बढती लांबली. तरी सांगते, मी काही पातळ केलं नाही. बोजड वाक्यात माझ्या चुका लपायच्या. साध्या वाक्यात त्या बायकाच पकडायच्या.

विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांची रोजगार हमी आठव. 'मागेल त्याला काम'. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईलाही हे तीन शब्द कळत होते. १९७७ चा कायदा त्यानंतर आला.

गाईडांशी नंतर बोलू. सोमवारी साडेसातला नाक्यावर ये. आठनंतर मुकादम येतात, मग कुणाला बोलायला वेळ नसतो. पान मराठीत आण, वाचून तुलाच दाखवायचंय.