कोरियन इंडी बँडवरच्या माहितीपटाला मराठी सबटायटल्स कशी करावीत?

तुमच्या फिल्म क्लबला 'बामसॉम पायरेट्स सोल इन्फर्नो' (2017) मराठी सबटायटल्ससह दाखवायचा आहे, हाताशी फक्त इंग्रजी एसआरटी फाइल (सबटायटल्स आणि त्यांच्या वेळा असलेली) आहे आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरावं, असं तुम्ही विचारलंय. सॉफ्टवेअरचं सोपं आहे, ते शेवटी सांगतो. घोळ होतो तो भाषांतरात.

बँड दोघांचाच. एक बास वाजवत ओरडतो, दुसरा ड्रम्स बडवतो. ग्राइंडकोर, म्हणजे अतिवेगवान, कर्कश रॉक असल्याने गाणी सुरू होईतो संपतात, आणि बोलणं सगळं तिरकस. त्यांच्या निर्माता-मित्राने उत्तर कोरियाच्या प्रचारखात्याची ट्वीट्स चेष्टेत रीट्वीट केली. सरकारी वकिलांनी ती शब्दशः घेतली. 2012 मध्ये त्याला अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटायला 2014 उजाडलं. सपाट भाषांतर केलंत, तर तुमची सबटायटल्सही त्या सरकारी वकिलांच्याच बाजूला जाऊन बसतील. म्हणून प्याँगयांगची, म्हणजे उत्तर कोरियाच्या सरकारची भाषा येईल तिथे मराठी मुद्दाम फुगवा. 'महान सेनापती' कोरडं वाटतं. 'प्रातःस्मरणीय सेनापती' म्हटलं की प्रेक्षकाला टोमणा कळतो.

ज्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली हा खटला झाला, त्याचं नाव जपून लिहा. 'रासुका' म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला 1980 चा, खटल्याविना स्थानबद्ध करणारा कायदा आठवतो. कोरियातला 1948 चा आहे आणि त्याच्या सातव्या कलमाखाली 'राष्ट्रविरोधी संघटने'ची स्तुती हाच गुन्हा ठरतो. पूर्ण नाव लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'दक्षिण कोरियाचा' जोडा.

शीर्षकातल्या 'इन्फर्नो'चा 'नरक' करू नका. मूळ शब्द 'बुलबादा', म्हणजे आगीचा समुद्र. 1994 मध्ये उत्तर कोरियाच्या प्रतिनिधीने वाटाघाटींत सोलचा आगीचा समुद्र करण्याची धमकी दिली, तेव्हापासून तो शब्द तिथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी 'आगडोंब' घेईन. बामसॉम हे सोलमधल्या हान नदीतलं बेट. शेजारच्या योइदो बेटाच्या विकासासाठी ते 1968 मध्ये सुरुंगांनी उडवलं, पुढे गाळ साचून पुन्हा वर आलं. पण हे सबटायटलमध्ये कोंबू नका, आधी वाटायच्या पत्रकात टाका.

इंग्रजीतून करताना नाती हरवतात. कोरियनमध्ये वयाने मोठ्या मित्राला मुलगा 'ह्यॉंग' म्हणतो. इंग्रजीत तिथे नुसतं नाव येतं. आपल्याकडे 'दादा' तयार आहे, ते वापरा. तू आणि तुम्ही कुठे, हेही इंग्रजीतून कळणार नाही. कोरियन येणारं कुणी दोन संध्याकाळ शेजारी बसवा आणि फक्त क्रियापदांचे शेवट ऐकायला सांगा: वाक्य 'यो' किंवा 'निदा'वर संपलं तर बहुधा 'तुम्ही'. शिव्या सौम्य करू नका, 'अरे देवा' तर नकोच. 'च्यायला' बऱ्याच ठिकाणी चालून जातं.

नावं रोमन स्पेलिंगवरून उतरवू नका. 'पार्क'मध्ये र नाही, ते 'पाक'. 'ली' म्हणजे 'ई', 'चोई' म्हणजे 'छ्वे'. दिग्दर्शकाचं आडनाव 'जुंग' नव्हे, 'जॉंग'.

आता तांत्रिक. 'सबटायटल एडिट' फुकट आहे आणि पुरेसं आहे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण 35 ते 38 अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. वाचनवेगाचा लाल इशारा दिसला म्हणून लगेच कात्री लावू नका: सॉफ्टवेअर काना-मात्रा आणि हलन्तही मोजतं, त्यामुळे 'स्त्री' हे एकच अक्षर त्याच्या लेखी सहा भरतं. मोठ्याने वाचून वेळेत बसतं का, ते बघा. गाण्याचे शब्द पडद्यावर कोरियनमध्ये खाली लिहून आले, तर मराठी ओळ वर न्या. नुसत्या आरोळीला सबटायटल नको.

ओळी आवाजाशी जुळत नसतील तर पहिली आणि शेवटची ओळ तपासा. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर सगळी फाइल तेवढी सरकवा. फरक वाढत गेला असेल तर फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं, त्याचा) घोळ आहे. 24 आणि 25 मध्ये तासाला 2 मिनिटं 24 सेकंदांची तफावत पडते. सॉफ्टवेअरमधलं फ्रेम रेट बदलायचं साधन वापरा, हाताने सरकवत बसू नका.

फाइल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतपद्धतीतच सेव्ह करा, नाहीतर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला लावलात तर जोडाक्षरं फुटण्याची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाण्याची शक्यता मोठी. त्यामुळे सबटायटल्स चित्रातच भाजून घ्या, म्हणजे कायमची उमटवून घ्या; 'हँडब्रेक' या सॉफ्टवेअरने होतं. फॉन्ट 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी', भोवती काळी कड जाड ठेवा, कारण कार्यक्रमांतल्या लखलखाटात पांढरी अक्षरं नाहीशी होतात. दोन ओळींत अंतर थोडं जास्त सोडा, वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकतात.

हे सगळं सुरू करण्याआधी हक्कधारकाला ईमेल करून दोन परवानग्या वेगवेगळ्या लेखी घ्या: प्रदर्शनाची आणि भाषांतराची. त्याच ईमेलमध्ये कोरियन संवादसंहिता मागून ठेवा.