फुकटचा वकील खरंच आपल्यासाठी लढतो का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं माहेर बार्शी तालुक्यात, वडील जाऊन सहा वर्षं झाली, मृत्युपत्र वगैरे काही नाही. साडेचार एकर जमीन, दोन भाऊ, आई नाही. वारस नोंदीत माझं नाव लागलंय पण भाऊ म्हणतात हक्कसोड कर नाहीतर माहेर तुटलं समज. मी घरी शिवणकाम करते, मिस्टरांची नोकरी आहे पण ते म्हणतात कोर्टात पैसे घालू नकोस. एका वकिलांनी सुरुवातीलाच पंचवीस हजार सांगितले. मैत्रीण म्हणते कोर्टात फ्री वकील मिळतो, जाऊबाई म्हणतात फुकटचा वकील समोरच्याला सामील होतो. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हे, कुठल्याही कागदावर सही करू नका. रक्षाबंधनाला बोलावतात, गोडधोड होतं आणि दुसऱ्या दिवशी 'फक्त नोंदीसाठी सही लागते' म्हणून दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेतात, हे मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की आता ऐकतानाही राग येतो. एकदा रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड असतं.

तुमचा हक्क पक्का आहे. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर वडिलांच्या स्वतःच्या जमिनीत तुम्ही आणि दोघे भाऊ सारखेच वारस. आणि जमीन वडिलोपार्जित असली तरी हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासूनच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर स्पष्ट निकाल दिलाय.

आता वकिलाचं. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, तो 1995 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो ते लिहिलंय. त्यात स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही, म्हणजे मिस्टरांचा पगार किती हे कोणी विचारायचं कारण नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जा, साधा अर्ज द्या, लिहिता येत नसेल तर तिथलेच लोक लिहून घेतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर 15100 हा नंबर आहे. अर्जावर साधारण सात दिवसात निर्णय व्हायला हवा, नाकारला तर त्यावर अपील करता येतं. आणि फक्त वकीलच मिळतो असं नाही, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, टायपिंग, नकला काढायचा खर्चसुद्धा यात येतो. वाटपाच्या दाव्यात हा खर्च काही कमी नसतो.

जाऊबाईंच्या बोलण्यावर मी 'असं काही नसतं' म्हणून हात झटकणार नाही. मी स्वतः काही वर्षं एका जिल्ह्यात पॅनलवर, म्हणजे मोफत केसेस घेणाऱ्या वकिलांच्या यादीत होते. काही वकील जीव ओतून काम करतात, काही तारखेला ज्युनियरला पाठवतात, आणि पक्षकाराला वाटतं आपण गरीब म्हणून आपलं असं होतंय. सामील होण्यापेक्षा दुर्लक्ष होणं जास्त दिसतं. त्यावर उपाय आहेत पण ते कोणी सांगत नाही. पॅनलवरचा अमुक वकील हवा असं अर्जातच लिहिता येतं, दरवेळी मिळेलच असं नाही पण विचार होतो. वकील येत नसेल तर बदलून मागा. केस नीट चालतेय का हे बघायला मॉनिटरिंग कमिटी असते, तिच्याकडे लेखी द्या, तोंडी नको. आणि पॅनलच्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही, 'चहापाण्याचं' सुद्धा नाही, कोणी मागितलं तर सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा. हे सचिव न्यायिक अधिकारी असतात आणि अध्यक्ष स्वतः जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे तिथे जायला घाबरू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. वरचंच वाचून मनात येतं की सरकार फुकट वकील देतं म्हणतं मग वकिलाला पैसे देतं कोण आणि किती? दर्जा त्यावरच ठरणार ना?

उत्तर : सर, अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. 1976 मध्ये घटनेत 39अ हे कलम आलं की पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी. मग कायद्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर निधी ठेवला, त्यात केंद्राचं अनुदान येतं, राज्य सरकार पैसे देतं, देणग्याही घेता येतात. रचना चांगलीच आहे. पण राज्याराज्यांतली न्यायव्यवस्था मोजणाऱ्या 2025 च्या इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये देशभराचा कायदेशीर मदतीवरचा खर्च माणशी वर्षाला साधारण सहा रुपये निघतो. सहा रुपये! टपरीवर चहा येत नाही त्यात. त्याच रिपोर्टमध्ये आहे की गावोगावी जाऊन लोकांना या मदतीपर्यंत आणणारे जे विधी स्वयंसेवक असतात त्यांची संख्या 2019 ते 2024 मध्ये 38 टक्क्यांनी घटली, म्हणजे बार्शीच्या ताईंना जे मैत्रिणीकडून कळलं ते सांगायला गावात कोणी नाही.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, फौजदारी बाजूला 2022 पासून आरोपींना मोफत वकील देणारी लीगल एड डिफेन्स काउन्सेलची योजना आली, तिथे पूर्णवेळ वकील, ऑफिस, ठरलेलं मानधन, आणि ते हवंच कारण तुरुंगातल्या माणसाला आज वकील पाहिजे. पण दिवाणी बाजू तशीच राहिली. जमीन, पोटगी, भाडं, पेन्शन, सामान्य बाईचा नव्वद टक्के त्रास इथेच असतो असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं, आणि तिथे अजून पॅनलचा वकील, ज्याची फी टप्प्याटप्प्याने, बिल लावल्यावर, कधीकधी महिनोनमहिने उशिरा येते. मी पॅनलवर असताना झेरॉक्स आणि एसटीचे पैसे खिशातून गेले आणि बिल मंजूर होईपर्यंत पुढच्या तीन तारखा होऊन गेल्या होत्या. चांगला वकील दोन वर्षं समाजसेवा म्हणून करतो आणि मग सोडतो. त्यात त्याला दोष कसा देणार? दिवाणी दावा दहा वर्षं चालतो, तिथे एकच माणूस टिकून राहिला पाहिजे, आणि टिकून राहायला पगार लागतो. दिवाणी बाजूलाही पूर्णवेळ वकील द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यासारख्यांनी एक करावं सर, आपल्या जिल्हा प्राधिकरणाकडे माहितीच्या अधिकारात विचारा की मागच्या वर्षी किती निधी आला, किती खर्च झाला, पॅनल वकिलांची किती बिलं थकली. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आलं की स्थानिक आमदाराला आणि वर्तमानपत्राला द्या.

प्रश्न : मी पुरुष, खुला प्रवर्ग, कुरिअर कंपनीत, वर्षाचे अडीच लाख मिळतात. घरमालक डिपॉझिट परत देत नाही. मला वकील मिळेल का?

उत्तर : मिळेल. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा 3 लाख आहे, तुम्ही त्यात बसता. उत्पन्नासाठी साधं प्रतिज्ञापत्र चालतं, अविश्वास ठेवायला कारण असेल तरच जास्त विचारतात. पण तुमच्या केसमध्ये मी आधी दावा न लावता प्रकरण लोकअदालतीत ठेवायचा अर्ज द्यायला सांगेन, घरमालकाला नोटीस जाते आणि बरेचदा तेवढ्यानेच तो बोलायला येतो. फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे रक्कम, तारीख आणि चेक नंबर कागदावर आल्याशिवाय सही करू नका. भाडेकरार, डिपॉझिट दिल्याची बँकेची एन्ट्री आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं प्रिंट काढून बरोबर घेऊन जा.