पशुवैद्याला विचारा : ‘कोमांची’चा स्वार कोण होता?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचे आबा दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेऊन जात. घोड्यांचं वेड घरातच आहे. मुलगा शाळेसाठी १८७६ च्या लिटल बिगहॉर्न लढाईतल्या कोमांची या अमेरिकन घोड्यावर निबंध लिहितोय. त्यात ‘लढाईतून वाचलेला एकमेव जीव’ असं लिहिलंय. हे खरं का? आणि त्याचा आयरिश स्वार कोण? त्याला शौर्यपदक मिळालं होतं का?
– एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : स्वारापासून सुरुवात करतो, कारण घोड्याच्या कौतुकात तो मागेच राहतो. त्याचं नाव मायल्स किओ. जन्म १८४० चा, आयर्लंडच्या कार्लो परगण्यातला. त्याच्या लहानपणीच बटाट्याचं पीक सडून तिथे दुष्काळ पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. किओचं घर खातंपितं होतं, तरी विशीत तोही बाहेर पडला. १८६० मध्ये पोपच्या फौजेत भरती होऊन इटलीत लढला. तुम्ही विचारता ती पदकं त्याला तिथे मिळाली, पोपकडून. १८६२ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला तो पदकं घेऊनच.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. गेटिसबर्गच्या लढाईत तो घोडदळाचा सेनानी ब्युफर्ड याच्या हाताखाली होता, १८६४ मध्ये जॉर्जियात शत्रूच्या कैदेतही पडला. मर्दुमकीबद्दल त्याला लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला. युद्धानंतर सातव्या घोडदळात तो कॅप्टन झाला. या पलटणीत आयरिश इतके होते की तिचं गाणंही आयरिश, ‘गॅरीओवेन’. अमेरिकेचं सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ मात्र त्याला मिळालं नाही. लिटल बिगहॉर्नच्या लढाईबद्दल ती २४ दिली गेली. सगळी टेकडीवर अडकलेल्या दुसऱ्या तुकड्यांतल्या शिपायांना, त्यातली बरीच जखमींसाठी गोळीबारातून नदीचं पाणी आणल्याबद्दल. त्यात थॉमस कॅलन हा आयर्लंडचाच साधा शिपाई होता. मे महिन्यात आपल्याकडे पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसाला हे पदक कशाचं, ते सांगायला नको.

२५ जून १८७६ ला याच लढाईत किओ पडला. पलटणीचा सेनानी कस्टर याच्याबरोबर होते ते सुमारे २१० जण सगळे मेले. पण ते कशासाठी गेले होते, हेही मुलाला लिहू द्या. ब्लॅक हिल्सचा डोंगरी मुलूख १८६८ च्या तहानं तिथल्या मूळनिवासी लकोटा लोकांचा ठरला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि सरकारनं तह गुंडाळला. लकोटा नि त्यांच्या जोडीला शायेन ही दुसरी जमात आपल्या जमिनीसाठी लढले आणि त्या दिवशी जिंकले. आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांवर इंग्रजांनी काय काय केलं ते आठवलं तर कुणाची बाजू न्यायाची होती, हे धुळे-नंदुरबारच्या पोराला चटकन कळेल. किओ शूर होता, पण अन्यायाच्या कामावर होता. दोन्ही खरं आहे.

आता घोडा. दोन दिवसांनी रणांगणावर कोमांची उभा सापडला, बदामी अंगाचा, गोळ्यांच्या नि बाणांच्या जखमांनी चाळण झालेला. किओचा डावा गुडघा गोळीनं फुटला होता आणि घोड्याची एक जखम बरोबर त्या गुडघ्याच्या जागी होती, असं सांगतात. तसं असेल तर गोळी लागली तेव्हा तो खोगिरातच होता. माझ्या मते कुठल्याही पदकापेक्षा ही जखम त्याच्याबद्दल जास्त सांगते.

‘फार वेस्ट’ नावाच्या आगबोटीतून घोड्याला फोर्ट लिंकन या लष्करी छावणीत आणलं आणि पोटाखालून झोळी बांधून टांगून ठेवलं. हे काम सोपं नाही. घोड्यानं दुखऱ्या पायावरचा भार काढला की दुसऱ्या बाजूच्या धडक्या पायाचं खूर सुजतं आणि जखम बरी होत असतानाच जनावर हातचं जातं. झोळी सैल राहिली तर उपयोग नाही, घट्ट झाली तर कातडी सोलते, श्वास कोंडतो. औषधांचा तुटवडा असलेल्या त्या काळात हा घोडा जगला, याचं श्रेय चोवीस तास पाहणाऱ्या माणसांना आहे. त्यांच्यातला नालबंद गुस्ताव्ह कॉर्न त्याचा जिवलग झाला. १८७८ मध्ये पलटणीनं हुकूमच काढला : याच्यावर कुणी बसायचं नाही, याला कामाला लावायचं नाही. कॉर्न १८९० मध्ये वूंडेड नी इथे लकोटांविरुद्धच्या कारवाईत मारला गेला आणि पुढच्याच वर्षी कोमांचीही गेला. पेंढा भरलेला त्याचा देह कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. किओची कबर न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी.

‘एकमेव’ हा शब्द मात्र निबंधातून काढायला सांगा. पलटणीचे टेकडीवरचे लोक वाचले, कित्येक घोडे लकोटा नि शायेन यांनी पकडून नेले, आणि लढाई जिंकणारे तर घरी गेलेच. ‘कस्टरच्या तुकड्यांतला, सैन्याला जिवंत सापडलेला घोडा’ असं लिहिलं तर मार्क जाणार नाहीत.