तांदुळज्याला टिश्यू कल्चर कशाला?

प्रश्न : घरच्या बियाण्याच्या तांदुळज्यात लाल दांड्याची, बारीक पानांची रोपं मिसळलीत. महिना व्हायच्या आत तुरे निघतात. केळीसारखं टिश्यू कल्चर करून वाण सुधारेल का? (वाचक, औसा)

उत्तर : नाही. टिश्यू कल्चर म्हणजे आहे त्याच झाडाच्या नकला. केळीला पेरायला बी नाही, म्हणून तिथं तो खर्च निघतो. तांदुळज्याच्या एका ग्रॅमात हजाराहून जास्त दाणे. एवढ्या स्वस्त जुडीसाठी काचेच्या बाटलीत रोपं कोण वाढवणार?

तुऱ्याचा दोष लगेच बियाण्यावर ढकलू नका. दिवस लहान झाले की तांदुळजा तुऱ्यावर येतो, पाण्याचा ताण पडला तरी येतो. तेच बी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पेरा, पाणी सारखं द्या. ऑक्टोबरचाच वाफा लवकर निसवला, तर पेरणीची वेळ चुकतेय.

भेसळीचं मात्र खरं. परागकण वाऱ्यानं जातात, त्यामुळं 200 मीटरच्या आत दुसरा माठ किंवा राजगिरा फुलोऱ्यात नको. बियाण्याचा वाफा वेगळा राखा, त्यातली पानं खुडू नका. लाल दांड्याची आणि सगळ्यांआधी तुरा काढणारी रोपं फुलं उमलायच्या आत मुळासकट उपटा. नुसता तुरा मोडला तर बगलेतून पुन्हा फुटतो. उशिरा निसवणारी, रुंद पानांची 40-50 झाडं बियाण्याला ठेवा. चार-पाचच ठेवली तर पुढं वाण खुरटतो. तुरा तळहातावर चोळल्यावर काळे चकचकीत दाणे सुटले की कापा. असं सलग तीन पिढ्या करा. डीएनए मार्करचा (वाण ओळखायच्या डीएनएतल्या खुणांचा) उपयोग त्यानंतर, निवडलेल्या झाडांत भेसळ उरली का ते बघायला.

प्रश्न : अंबाडीची पानं डीएनए तपासणीला दिली, ‘नमुना खराब’ असं उत्तर आलं. (वाचक, जिंतूर)

उत्तर : अंबाडी भेंडीच्या कुळातली, पानात चिकट बुळबुळीत द्रव. तो डीएनएसोबत उतरला की नळीत जेलीसारखा गोळा होतो आणि पीसीआर (तपासणीसाठी डीएनएच्या प्रती काढायची क्रिया) अडतो. जून पानात हा त्रास जास्त, म्हणून शेंड्याची कोवळी पानंच तोडा. ओली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर वाटेतच सडतात. पुसून कागदी पाकिटात घाला आणि पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलसह डब्यात बंद करा. निळे खडे गुलाबी झाले की बदला. प्रयोगशाळेला सीटॅब द्रावणात (पानातून डीएनए सोडवायचं द्रावण) मीठ वाढवायला, 2 टक्के पीव्हीपी ही पूड घालायला आणि क्लोरोफॉर्मची एक धुलाई जादा द्यायला सांगा. पाकिटावर झाडाचा क्रमांक पेन्सिलीनं लिहा, स्पिरिट लागलं की शाई पसरते.