बांगलादेशाने वीज वाचवण्यासाठी घड्याळ एक तास पुढे केलं होतं. मग भारत असं का करत नाही?

बांगलादेशाने ते १९ जून २००९ च्या रात्री केलं. अकरा वाजले आणि काटा थेट बारावर. संध्याकाळी घराघरांतले दिवे-पंखे आणि दुकानं एकदम चालू होतात, तेव्हा विजेवर सगळ्यात जास्त ताण येतो. उजेड तासभर पुरला तर दिवे उशिरा लागतील, हा हिशेब. पण थंडी आली तरी काटे मागे घेतले नाहीत. पोरं अंधारात शाळेला निघू लागली, लोक वैतागले आणि ३१ डिसेंबरला सगळं गुंडाळलं. भारतानेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं तासभर पुढे ठेवली होती.

आता नाशिकचं सांगतो. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशावरून धरतात, नाशिक ७३.८ वर. एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे आपलं घड्याळ सूर्याच्या आधीच ३५ मिनिटं पुढे पळतंय! दुपारी सावली पायाखाली येते ती साडेबाराच्या आसपास. अर्ध्याहून जास्त तास आपण कायमचाच पुढे केलेला आहे.

माझी मुलगी सहावीत आहे. जानेवारीत तिची व्हॅन साडेसहाला पाथर्डी फाट्यावर येते आणि सूर्य सातनंतर उगवतो. कानटोपी, स्वेटर, वर दप्तर. रिक्षावाल्यांच्या शेकोटीपाशी हात शेकत उभी असते. व्हॅनचे दिवे दिसले की पळते. बारा महिने काटा तासभर पुढे ठेवला तर तिथे आठ वाजेपर्यंत सूर्य दिसणार नाही.

फक्त उन्हाळ्यापुरतं करा, असं कुणी म्हणेल. पण लंडनला जून आणि डिसेंबरच्या दिवसात पावणेनऊ तासांचा फरक पडतो, आपल्याकडे जेमतेम अडीच. वाढीव उजेडच नाही, तर वाचवायचं काय? शिवाय आता एलईडी दिव्यांना वीज लागते किती? खरी खाणारे कूलर आणि एसी. अमेरिकेत इंडियाना राज्याने २००६ पासून सगळीकडे ही पद्धत लावली, तेव्हा अभ्यासकांनी घरगुती बिलं तपासली. वापर सुमारे एक टक्का वाढलेला निघाला.

म्हणून मी म्हणतो, घड्याळाला हात लावू नका, शाळेची वेळ बदला. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेही मुलांची झोप होत नाही म्हणूनच. पाचवीच्या पुढच्यांना ते लागू नाही. आम्ही पालकांनी शाळेला अर्ज दिलाय: निदान डिसेंबर-जानेवारीत तरी पाऊण तास उशिरा भरवा.